नावापुढची रिकामी जागा : नोकरदार आणि व्यावसायिकांनी ऑनलाइन लौकिक कसा राखावा

वाळूजच्या एका कारखान्यात मी मनुष्यबळ विभागात काम करीत होतो, तेव्हाची गोष्ट आहे. देखभाल विभागासाठी आलेल्या अर्जांमध्ये परभणी जिल्ह्यातील एका अभियंत्याचा अर्ज सर्वांत सरस होता. मुलाखतीला बोलावण्यापूर्वी माझ्या सहकाऱ्याने त्याचे नाव गूगलवर टाकले आणि त्याच नावाच्या, त्याच आडनावाच्या कोणा कर्मचाऱ्याला लाच घेताना पकडल्याची बातमी सर्वांत वर आली. आम्ही त्याला फोन केला नाही, काही विचारले नाही. अर्ज गुपचूप बाजूला ठेवला. बातमीतला माणूस दुसऱ्याच तालुक्यातला आणि वयाने वीसेक वर्षांनी मोठा होता, हे मला पुष्कळ महिन्यांनी एका परिचिताच्या बोलण्यातून कळले. चूक आमचीच होती. परंतु त्या अभियंत्याच्या नावाने इंटरनेटवर त्याची स्वतःची एक ओळही नव्हती, म्हणून त्याच्या नावापुढची जागा दुसऱ्याच्या बातमीने व्यापली, आणि आपल्याला बोलावणे का आले नाही हे त्याला आजही ठाऊक नसेल.

ऑनलाइन लौकिक सांभाळायचा म्हणजे काही वावगे लिहायचे नाही, एवढाच अर्थ बहुतेक लोक घेतात. तो अपुरा आहे. सोयरीक जुळवताना, सालगडी ठेवताना किंवा अडत दुकानात उधारी देताना मराठवाड्यात माणसाची चौकशी पाहुण्यारावळ्यांमार्फत होत असे, आणि अशी चौकशी झाल्याचे कुठून ना कुठून त्या माणसाच्या कानावरही येत असे. त्यामुळे खुलासा करण्याची संधी मिळे. आता चौकशी मोबाइलवर होते, दोन मिनिटांत संपते आणि तिची कुणकुणही लागत नाही. म्हणूनच खुलासा आधीपासून, चौकशी करणाऱ्याला सापडेल अशा जागी, स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवावा लागतो. पुढे सांगितलेली कामे करण्यास एखादा रविवार आणि नंतर अधूनमधून अर्धा तास पुरेसा होतो.

आधी स्वतःचीच चौकशी करा

ब्राउझरची खासगी खिडकी, म्हणजे इन्कॉग्निटो, उघडून त्यात आपले नाव शोधा. नेहमीच्या खिडकीत शोधल्यास आपल्या सवयींनुसार निकालांचा क्रम बदलू शकतो आणि परक्या माणसाला काय दिसते ते कळत नाही. नाव देवनागरीत आणि इंग्रजी लिपीत, दोन्ही प्रकारे टाका. वडिलांच्या नावासह आणि त्याशिवाय टाका. त्यापुढे गाव, तालुका, महाविद्यालय, पूर्वीची आणि आताची नोकरी असे एकेक शब्द जोडून पाहा. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले, त्यामुळे तेथील लोकांनी जुन्या आणि नव्या अशा दोन्ही नावांनी शोध घ्यावा, कारण जुनी पाने जुन्याच नावाखाली पडून आहेत. मोबाइल क्रमांक अवतरणचिन्हांत टाकून शोधला, तर वर्षांपूर्वी प्लॉट विकण्यासाठी दिलेली जाहिरात किंवा कोण्या संघटनेची सदस्यांची यादी निघते. छायाचित्रांचा विभाग आणि यूट्यूब विसरू नका. जे सापडेल ते वहीत उतरवून त्यापुढे ते आपले आहे की नामसाधर्म्यामुळे आलेले आहे, आणि आपले असल्यास ते राहू द्यायचे की काढायचे, हे लिहा.

हाच शोध रोज घेण्याची गरज नाही. ‘गूगल अलर्ट्स’ या मोफत सोयीत आपले नाव दोन्ही लिप्यांमध्ये नोंदवले की त्या नावाचा नवा मजकूर गूगलच्या नजरेस पडल्यावर ईमेल येतो. नाव फार सर्वसाधारण असेल तर त्यासोबत गावाचे नाव जोडावे, अन्यथा टपालपेटी दुसऱ्यांच्या बातम्यांनी भरते.

ट्रूकॉलरकडे मात्र सुशिक्षित माणसेही दुर्लक्ष करतात. या सेवेत क्रमांकापुढे दिसणारे नाव बहुधा इतरांनी आपापल्या फोनमध्ये जतन केलेल्या नावांवरून ठरते. लातूरच्या एका विमा सल्लागाराचा क्रमांक अनेकांच्या फोनमध्ये ‘इन्शुरन्स उचलू नये’ अशा धाटणीच्या नावाने साठवलेला होता, आणि त्याचा फोन अनोळखी माणसे का उचलत नाहीत याचे कोडे त्याला वर्षभर सुटले नव्हते. दुसऱ्याच्या फोनवरून आपला क्रमांक शोधून पाहावा. नाव चुकीचे असल्यास ट्रूकॉलरवर स्वतःचे खाते काढून खरे नाव, पेशा आणि छायाचित्र भरावे. तेथे दिसायचेच नसेल तर खाते बंद करून त्यांच्या संकेतस्थळावरून क्रमांक यादीतून काढून घेता येतो.

नाव एकाच पद्धतीने लिहा आणि एक पान स्वतःचे करा

गणेश, संतोष, दत्ता ही नावे आणि जाधव, शिंदे, पवार, देशमुख ही आडनावे एकत्र केली तर प्रत्येक जोडीची माणसे आपल्या आठही जिल्ह्यांत ढिगाने सापडतील. यावर उपाय आपल्याच परंपरेत आहे : वडिलांचे किंवा पतीचे नाव मध्ये लिहून पूर्ण नाव वापरावे. त्याचबरोबर इंग्रजी स्पेलिंग कायमचे ठरवून टाकावे. दत्तामध्ये ‘ए’ लिहायचा की ‘यू’, जाधवच्या शेवटी ‘व्ही’ की ‘डब्ल्यू’, याबाबत दहावीच्या प्रमाणपत्रावर एक, आधारवर दुसरे आणि फेसबुकवर तिसरेच असे आपल्याकडे सर्रास असते. नोकरीपूर्व पडताळणी करणाऱ्यांना यात लबाडीचा वास येतो, आणि शोधयंत्राला तर ही तीन माणसे वाटतात. प्रमाणपत्रावरचे स्पेलिंग सगळीकडे लावणे सर्वांत सोयीचे असते.

त्यानंतर लिंक्डइनवर खाते उघडावे. २००३ मध्ये सुरू झालेली ही सेवा २०१६ पासून मायक्रोसॉफ्टच्या मालकीची आहे, आणि तिच्यावरील पाने गूगलमध्ये सहसा वरच्या क्रमांकावर येतात. दुसऱ्याच्या बातमीला खाली ढकलण्याचा यापेक्षा स्वस्त मार्ग मला माहीत नाही. ‘ते पुण्या-बेंगळुरूच्या आयटीवाल्यांसाठी आहे’ हा गैरसमज आहे. जालन्यातील पोलाद कारखान्यांतले भट्टी पर्यवेक्षक, बियाणे कंपन्यांतले कृषी पदवीधर, शेंद्रा आणि ऑरिक या औद्योगिक वसाहतींमधले लेखापाल या सर्वांना शोधणारी माणसे तेथे असतात. खात्याच्या पत्त्यातील आपोआप आलेले आकडे काढून आपल्या नावाचा सुटसुटीत पत्ता करून घेण्याची सोय सेटिंगमध्ये आहे, ती वापरावी.

परिचयाच्या रकान्यात काय लिहावे यावर थोडे थांबायला हवे, कारण नव्वद टक्के लोक तेथे ‘कष्टाळू, प्रामाणिक, संघभावनेने काम करणारा’ असे लिहितात (टक्केवारी माझ्या अंदाजाची आहे, परंतु मी हजारो अर्ज वाचले आहेत). हे शब्द वाचणाऱ्याच्या मनात काहीही उभे करीत नाहीत. त्याऐवजी असे लिहून पाहा : ‘लातूर येथे सोयाबीन प्रक्रिया कारखान्यात गेली ९ वर्षे गुणवत्ता तपासणीचे काम करतो. आवक झालेल्या मालाची आर्द्रता, माती-काडीकचरा आणि तेलाचे प्रमाण तपासणे, नमुने घेणाऱ्या सहा जणांच्या पथकाचे नियोजन करणे आणि त्याच्या नोंदी ठेवणे ही माझी जबाबदारी आहे.’ यात स्वतःची स्तुती करणारा एकही शब्द नाही, आणि तरीही वाचणाऱ्याला माणूस कळतो. आकडे खरेच असावेत आणि मालकाची गुपिते, दर व ग्राहकांची नावे त्यात नसावीत. पूर्वीच्या नोकऱ्यांचे महिने व वर्षे बायोडेटाशी तंतोतंत जुळली पाहिजेत. पडताळणीत सर्वांत जास्त माणसे या एका गोष्टीवर अडकतात.

छायाचित्र साध्या पार्श्वभूमीचे, अलीकडचे आणि एकट्याचे असावे. लग्नातील गटछायाचित्रातून कापलेला चेहरा, ज्याच्या खांद्यावर दुसऱ्याचा हात दिसतो, तो चालत नाही. ईमेलच्या पत्त्यात ‘किंग’, ‘रॉयल’, ‘भाई’ असे शब्द असतील तर अर्जासाठी दुसरा पत्ता काढावा. ज्यांना शक्य असेल त्यांनी आपल्या नावाचे एक साधे संकेतस्थळही करावे. गूगल साइट्सवर ते फुकट होते. स्वतःच्या नावाचा ‘डॉट इन’ पत्ता हवा असल्यास त्याचे भाडे दरवर्षी भरावे लागते आणि ते चुकले तर पत्ता दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतो, हे लक्षात ठेवावे. प्रश्नाचे तयार उत्तर देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही अशाच सार्वजनिक पानांवरून माहिती गोळा करतात, त्यामुळे सर्व पानांवर मजकूर एकच असणे आता अधिकच महत्त्वाचे झाले आहे.

आपल्या पेशाची मर्यादा ओळखा

स्वतःविषयी लिहिण्याची मोकळीक सर्वांना सारखी नाही. वकिलांना बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ नुसार जाहिरात करता येत नाही. २००८ मधील दुरुस्तीनंतर संकेतस्थळावर नाव, पत्ता, दूरध्वनी, सनदेचा तपशील, शैक्षणिक पात्रता आणि कामाचे क्षेत्र एवढी माहिती देण्याची मुभा मिळाली आहे. जिंकलेल्या खटल्यांच्या रील त्यात बसत नाहीत. डॉक्टरांना २००२ ची वैद्यकीय आचारसंहिता लागू आहे. २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे नियम आणले होते, परंतु त्याच महिन्यात ते स्थगित झाले. रुग्ण मिळवण्यासाठी जाहिरात करणे आणि ओळख पटेल अशा रीतीने रुग्णाचे छायाचित्र त्याच्या परवानगीवाचून प्रसिद्ध करणे या आचारसंहितेत निषिद्ध आहे. शस्त्रक्रियेनंतर रुग्णासोबत काढलेला फोटो उत्साहाने टाकणाऱ्यांनी हे वाचून ठेवावे.

लातूर आणि नांदेडमधील शिकवणीवाल्या सरांनी नोव्हेंबर २०२४ ची केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे माहीत करून घेणे आवश्यक आहे. त्यांनुसार यशस्वी विद्यार्थ्याचे नाव, छायाचित्र किंवा मनोगत जाहिरातीत वापरण्यासाठी त्याची लेखी संमती निकाल लागल्यानंतर घ्यावी लागते. प्रवेशाच्या वेळी अर्जावर घेतलेली सही चालत नाही. विद्यार्थ्याने कोणता अभ्यासक्रम केला होता हेही सांगावे लागते. एकच गुणवंत मुलगा चार क्लासेसच्या फ्लेक्सवर झळकतो, आणि पालक आता ते चारही फ्लेक्स मोबाइलवर शेजारी शेजारी ठेवून पाहतात.

जिल्हा परिषदेचे शिक्षक व ग्रामसेवक यांच्यासाठी १९६७ चे, तर तलाठी आणि अन्य शासकीय कर्मचारी यांच्यासाठी १९७९ चे वर्तणूक नियम आहेतच. त्यात जुलै २०२५ मध्ये राज्य शासनाने समाजमाध्यमांच्या वापराविषयी स्वतंत्र सूचना काढल्या. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवावीत, शासनाच्या धोरणांवर प्रतिकूल टीका करू नये, वैयक्तिक खात्यावरील छायाचित्रांत व रीलमध्ये पदनाम, बोधचिन्ह, गणवेश, शासकीय वाहन किंवा इमारत दाखवू नये, असे त्यात सांगितले आहे. शाळेच्या वर्गात काढलेल्या नाचाच्या रीलबद्दल कौतुक होते तोवर ठीक; तक्रार झाली की हाच कागद पुढे येतो.

व्हॉट्सॲप हीच आपली मुख्य पेठ आहे

इतर गोष्टी कशाही असोत, परभणी, हिंगोली किंवा बीडसारख्या ठिकाणी माणसाचा लौकिक घडतो आणि बिघडतो तो व्हॉट्सॲपवर. येथे ग्राहक, साहेब, साडू, शाळेतले मित्र आणि गावचे सरपंच हे सर्व एकाच फोनमध्ये असतात. मोठ्या शहरातला माणूस कार्यालयात एक आणि मित्रांत दुसरा असा राहू शकतो. आपल्याला ती सोय नाही. स्टेटस चोवीस तासांनी निघून जाते, परंतु त्याचा स्क्रीनशॉट निघून जात नाही. ग्रुपवर टाकलेला संदेश सर्वांसाठी पुसण्याची मुदत साधारण अडीच दिवसांची आहे, आणि वाईट संदेश पुढे जाण्यास अडीच मिनिटेही लागत नाहीत.

गेल्या काही वर्षांत आरक्षणाच्या प्रश्नावरून मराठवाड्यात मने दुखावली गेली आहेत. प्रत्येकाला आपले मत आहे, ते असावे आणि मांडावेही. परंतु रात्री अकरा वाजता कोणाचे तरी भाषण ऐकून संतापाच्या भरात ठेवलेले स्टेटस हे मत मांडणे नव्हे. समाजासमाजांत तेढ निर्माण करणारा मजकूर भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा ठरू शकतो, हा त्यातला कायद्याचा भाग झाला. त्याहून हळू चालणारे नुकसान असे की, दुकानावर येणारे निम्मे गिऱ्हाईक काही न बोलता समोरच्या दुकानात जाऊ लागते. माझा स्वतःचा नियम साधा आहे : रागात लिहिलेला मजकूर मी स्वतःलाच पाठवून ठेवतो आणि सकाळी चहा घेताना वाचतो. बहुतेक वेळा तो तेथेच राहतो.

काही सेटिंग आजच बदलण्यासारख्या आहेत. आपल्याला ग्रुपमध्ये कोण समाविष्ट करू शकेल हे ‘माझे संपर्क’ किंवा त्याहून मर्यादित ठेवावे, म्हणजे निवडणुकीच्या दिवसांत सकाळी उठून पाहतो तो तीन पक्षांच्या ग्रुपमध्ये, असे होत नाही. व्यवसायासाठी दुसरे सिम घेऊन व्हॉट्सॲप बिझनेस वापरावे आणि स्टेटसचे शौक पहिल्या क्रमांकावर, निवडक लोकांपुरते ठेवावेत. डीपी हे नोकरी देणाऱ्याला दिसणारे पहिले छायाचित्र असते, म्हणून अर्ज केल्यानंतरचे काही दिवस तरी तेथे सिंह, तलवार किंवा नेत्याचा फोटो नसावा. ग्रुपचे ॲडमिन असणाऱ्यांसाठी एक दिलासा आहे : मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये, समान हेतू दिसत नसेल तर सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला दोषी धरता येणार नाही, असा निर्णय दिला. कायद्याने सुटलो तरी लोक ‘तुमच्या ग्रुपवर आले होते’ असेच म्हणतात, त्यामुळे असा मजकूर काढून सदस्याला समज द्यावी.

फेसबुकवर आपल्याकडचा खास उपद्रव टॅगचा आहे. कोण्या ‘भावी नगरसेवका’च्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर शुभेच्छुक म्हणून आपला फोटो परस्पर छापला जातो आणि त्याच फ्लेक्सचा फोटो आपल्याला टॅग होतो. टॅग तपासून मगच टाइमलाइनवर येऊ देण्याची सोय सुरू करावी. जुन्या पोस्ट एकेक करून लपवण्याचा कंटाळा असेल, तर मागील सर्व सार्वजनिक पोस्ट एकदम मित्रांपुरत्या मर्यादित करण्याचे बटण गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये आहे.

वाईट रिव्ह्यू आला तर

दवाखाना, क्लास, हॉटेल, गॅरेज किंवा सनदी लेखापालाचे कार्यालय असेल तर गूगल बिझनेस प्रोफाइलवरील आपली नोंद आपणच ताब्यात घ्यावी. ती मोफत असते, आणि आपण घेतली नाही तरी नकाशावर ती कोणीतरी टाकलेली असतेच. बंद पडलेला क्रमांक आणि चुकीची वेळ हीसुद्धा लौकिकाची हानीच आहे. उन्हातान्हात गेवराईहून आलेल्या रुग्णाला दवाखान्याला कुलूप दिसले, तर तो एकच स्टार देणार.

रिव्ह्यू केवळ वाईट आहे म्हणून गूगल तो काढत नाही. तो खोटा, शिवीगाळीचा, विषयाशी असंबद्ध किंवा प्रतिस्पर्ध्याने टाकलेला असेल तर तक्रार नोंदवावी आणि ती फेटाळली गेल्यास फेरविचाराची विनंती करावी. बाकीच्या रिव्ह्यूंना उत्तर द्यावे, मात्र त्याच रात्री नव्हे. ते उत्तर लिहिणाऱ्यासाठी नसून पुढे ते वाचणाऱ्या शंभर जणांसाठी असते, हे मनाशी धरले की भाषा आपोआप शांत होते. डॉक्टरांनी तर तो माणूस आपला रुग्ण होता हेसुद्धा उघड करू नये. एक नमुना देतो : ‘आपल्याला त्रास झाल्याचे वाचून वाईट वाटले. आमच्याकडे येणाऱ्या कोणाच्याही उपचारांविषयी आम्ही येथे लिहीत नाही. कृपया सकाळी १० ते १ या वेळेत दवाखान्याच्या क्रमांकावर फोन करावा; मी स्वतः आपल्याशी बोलेन.’ चूक आपली असेल तर ती एका वाक्यात मान्य करावी आणि काय बदलले ते दुसऱ्या वाक्यात सांगावे.

रिव्ह्यू टाकणारा कोणाचा कोण हे आपल्याकडे लगेच निघते. त्याच्या घरी चार माणसे पाठवणे, त्याच्या मामाकरवी दबाव आणणे असले प्रकार मी पाहिले आहेत. त्यातून एका रिव्ह्यूचे दहा होतात आणि दहावा व्हिडिओ असतो. तसेच भाचे, कंपाउंडर आणि मेहुणे यांच्याकडून एकाच संध्याकाळी पाच-पाच स्टार टाकून घेऊ नयेत. पैसे किंवा सवलत देऊन रिव्ह्यू घेणे गूगलच्या धोरणाविरुद्ध आहे, आणि भारतीय मानक ब्युरोनेही ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी नोव्हेंबर २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक, ऐच्छिक का होईना, आणले आहे. समाधानी ग्राहकाला नम्रपणे ‘आपला अनुभव लिहा’ म्हणून सांगणे पुरेसे असते. आपल्या लोकांना कोणी सांगितल्याशिवाय चांगले लिहिण्याची सवय नाही, एवढेच.

जुनी बातमी पाठ सोडत नसेल तर

मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हा आहे. जमिनीच्या बांधावरून किंवा आंदोलनातून गुन्हा दाखल होतो, स्थानिक पोर्टल आणि यूट्यूब वाहिन्या नावानिशी बातमी देतात, पुढे चार-पाच वर्षांनी न्यायालय निर्दोष मुक्त करते, आणि त्याची बातमी कोणीच देत नाही. गुन्हा दाखल झाल्याची ओळ मात्र दर मुलाखतीपूर्वी कोणीतरी वाचत राहतो.

अशा वेळी प्रथम निकालाची प्रमाणित नक्कल काढावी. ती जोडून संपादकाला ईमेल करावा आणि शक्य असल्यास कार्यालयात जाऊन भेटावे. जिल्ह्याच्या ठिकाणी समक्ष भेटीचा उपयोग ईमेलपेक्षा जास्त होतो. ‘बातमी काढून टाका’ अशी मागणी करण्याऐवजी ‘या प्रकरणात अमुक न्यायालयाने अमुक तारखेस निर्दोष मुक्तता केली आहे, तरी मूळ बातमीत तशी नोंद घालावी किंवा माझे नाव वगळावे’ अशी विनंती करावी. संपादकाला आपली बातमी खोटी होती असे कबूल करावे लागत नाही, त्यामुळे ही विनंती मान्य होण्याची शक्यता अधिक असते. पान बदलल्यावर किंवा निघाल्यावरही गूगलच्या निकालात जुना मजकूर काही काळ दिसतो. त्यासाठी गूगलचे कालबाह्य मजकूर काढण्याचे साधन आहे, तेथे पानाचा पत्ता द्यावा. मूळ पान जसेच्या तसे असेल तर हे साधन काही करू शकत नाही. घरचा पत्ता, खासगी क्रमांक, ओळखपत्राची प्रत अशी माहिती कोठे उघडी पडली असेल, तर ती निकालांतून काढण्यासाठी गूगलकडे वेगळा अर्ज करता येतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि त्याच्या आधारे जुनी माहिती विस्मृतीत जाऊ देण्याचा हक्क लोक मागू लागले आहेत. परंतु त्यावर न्यायालयांचे निर्णय एकसारखे नाहीत आणि खर्च व वेळ बराच लागतो. बदनामीची फौजदारी तक्रार करण्यासाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ आहे. माझे मत असे की नोटीस हा शेवटचा उपाय ठेवावा, कारण स्थानिक वाहिनीला नोटीस पाठवली की पुष्कळदा त्या नोटिशीचाच नवा भाग तयार होतो. ‘सहासष्ट अ लावतो’ अशी धमकी तर देऊच नये. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ते कलम सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्येच रद्द केले आहे.

कोणी आपले बनावट खाते काढले तर

डॉक्टर, प्राध्यापक आणि पोलीस अधिकारी यांच्या नावाने फेसबुकवर दुसरे खाते निघते, त्यावर त्यांचाच फोटो असतो, आणि ओळखीच्यांना संदेश जातो की सीआरपीएफमधील मित्राची बदली झाली आहे, त्याचे फर्निचर स्वस्तात मिळत आहे. या युक्तीचे भांडवल आपली उघडी मित्रयादी असते. ती ‘फक्त मी’ अशी केली की निम्मा धोका टळतो. खाते निघालेच तर घाईघाईने तक्रार करून ते बंद पाडण्याआधी पुरावा घ्यावा. स्क्रीनशॉटमध्ये खात्याचा पूर्ण पत्ता, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे; पुढे न्यायालयात असा पुरावा देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र लागते, म्हणून तो कोणत्या फोनवर घेतला तेही लिहून ठेवावे आणि तो फोन विकू नये. नंतर त्या बनावट खात्याच्या पानावरूनच ‘तोतयेगिरी’ हे कारण निवडून तक्रार नोंदवावी आणि आपल्या खऱ्या खात्यावर व स्टेटसवर दोन ओळींत सर्वांना सावध करावे.

कोणाचे पैसे गेले असतील तर त्याने वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर फोन करावा; अन्य तक्रारींसाठी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल आणि जिल्ह्याचे सायबर पोलीस ठाणे आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ क ओळख चोरण्यासाठी आणि ६६ ड तोतयेगिरीने फसवण्यासाठी लागते, आणि दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. माध्यम कंपनीने दाद दिली नाही, तर २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार तिने नेमलेल्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहावे आणि त्याचा निर्णय मान्य नसल्यास तीस दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करावे.

नोकरी किंवा क्रमांक बदलताना

नोकरी सोडल्यावर लिंक्डइनवरील जुने पद महिनोन्महिने तसेच ठेवणाऱ्यांविषयी जुना मालक नाराज होतो आणि नवा साशंक होतो, म्हणून शेवटच्या दिवसानंतर आठवडाभरात ते बदलावे. कार्यालयाच्या ईमेलवर काढलेली वैयक्तिक खाती आधीच स्वतःच्या पत्त्यावर आणावीत. मोबाइल क्रमांक बदलणार असाल तर व्हॉट्सॲपमधील ‘क्रमांक बदला’ ही सोय वापरा आणि बँक, ईमेल, लिंक्डइन व ट्रूकॉलर येथील नोंदी बदलल्याखेरीज जुने सिम सोडू नका. बंद केलेला क्रमांक किमान नव्वद दिवसांनंतर दुसऱ्या कोणाला तरी दिला जाऊ शकतो. महाविद्यालयात काढलेल्या जुन्या जीमेल खात्यातही एकदा शिरून पाहावे, कारण दोन वर्षे न उघडलेले वैयक्तिक खाते गूगल पुसून टाकू शकते, आणि आपल्या कितीतरी जुन्या नोंदींच्या चाव्या त्याच खात्यात असतात.